मापाचं गाळणं

टँकर मंगळवारी आणि शनिवारी यायचा. वाराचा भरवसा होता, वेळेचा नव्हता. पडेगावच्या त्या नव्या वसाहतीत रो-हाऊसच्या चार रांगा उभ्या राहिल्या होत्या, कमानीवर 'गंगाविहार' असं सोनेरी अक्षरांत लिहूनही झालं होतं. फक्त नळाला पाणी यायचं राहिलं होतं. दोन हजार सोळा साल उजाडलं होतं आणि पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला होता. म्हणून बायका दिवस उजाडताच आपापले ड्रम, हंडे, घागरी रस्त्याच्या कडेला लावून ठेवायच्या.

नीरजा खडूनं त्या भांड्यांवर नंबर घालायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, पण तिनं नंबर घातले की भांडणं होत नसत, एवढं सगळ्यांना कळलं होतं. टँकरची जाड नळी धरायचीही तीच. "नीरजाताई, माझ्या ड्रमाकडं वळवा," "नीरजाताई, घागर सांडतीय बघा," अशा हाका चारी बाजूंनी यायच्या. तिच्या हातानं भरलेल्या घागरी देवघरांत जात, चुलीवर चढत. तिचा नवरा मिहिर जाऊन पाच वर्षं झाली होती, पण पाणी मिळेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नसे. पाणी घरात पोचलं की मग आठवायचं.

त्या दिवशी ती पाणी भरून घरी आली तेव्हा धाकटी जाऊ, दीर वरदची बायको मृण्मयी, कागद-पेन घेऊन कपाळाला आठ्या घालून बसली होती. संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली होती, आणि वाण काय लुटायचं हे ठरत नव्हतं.

"मागच्या वर्षी पलीकडच्या रांगेत काचेचे बाऊल दिले, ताई. यंदा कुणीतरी चांदीचा मुलामा दिलेल्या वाट्या देणार आहे म्हणे. आपण काय प्लास्टिकचे डबे द्यायचे? वरद तर विषय काढला की उठूनच जातो."

"डबे प्रत्येकीकडे ढिगानं आहेत," नीरजा म्हणाली. "वाट्या माळ्यावर जाऊन पडतील आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत निघतील. टँकरच्या पाण्यात काय येतं ते बघितलंस का? गंजाचे कपचे, शेवाळ. परवा लक्ष्मीबाईंच्या घागरीत लाल अळ्या निघाल्या. आपण गाळणं देऊ. गुलमंडीच्या बाजारातून मलमल आणू, दुहेरी शिवू, काठाला रंगीत पट्टी आणि आत इलास्टिक. भांड्याच्या तोंडाला घट्ट बसलं पाहिजे."

"चाळीस जणींना?"

"चाळीस जणींना. आणि जिचं तिच्या मापाचं."

मृण्मयीच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. सासूबाई दमयंतीबाईंनाही कल्पना आवडली. खर्च आवाक्यात होता आणि वस्तू रोज वापरातली होती. नीरजाच्या डोक्यावर त्या अख्खं घर टाकून निर्धास्त असत, आणि तसं चारचौघांत सांगतही; त्यात खोटं काही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे दुपारी शिवणयंत्र थांबलं नाही. वसाहतीतल्या कुठल्याही समारंभाला नीरजाला बोलावणं नसायचं, पण प्रत्येकीच्या भांड्याचं तोंड तिला पाठ होतं. आशाबाईंचा निळा ड्रम सगळ्यांत रुंद, त्याला हिरवी पट्टी. लक्ष्मीबाईंची तांब्याची घागर गळ्याशी अरुंद, तिला जांभळी. कुणाच्या हंड्याची कड चेपलेली, तिथं इलास्टिक जरा सैल. प्रत्येक गाळण्याला तिनं नावाची चिठ्ठी टाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सणासाठी काहीतरी करत होती, आणि तिला मनापासून आनंद होत होता.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी हळदीकुंकू ठरलं. दुपारी दमयंतीबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि गाळणी एका परातीत कालवून ठेवली.

"आई, अशानं अदलाबदल होईल," नीरजा म्हणाली.

"होऊ दे गं. वाणाला का नावं घालतात?" सासूबाईंनी तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं. खरं कारण वेगळं होतं. चिठ्ठ्यांवरचं अक्षर नीरजाचं होतं, आणि ते अक्षर आठवड्यातून दोनदा सगळ्यांच्या भांड्यांवर असायचं. "आणि तू आत बस हं. मसाला दुधाचं बघ."

नीरजानं दुधाचं बघितलं. भिंतीपलीकडून बांगड्यांचा आवाज येत होता, उखाणे होत होते. मग कुणीतरी म्हणालं, "किती उपयोगाची वस्तू सुचली! शिवली कुणी?"



"मृण्मयीनंच," दमयंतीबाई म्हणाल्या. "हौस आहे तिला."

थोड्या वेळानं मृण्मयी ट्रे घेऊन आत आली. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, मी सांगणार होते."

"मग सांगायचं होतंस," नीरजा म्हणाली आणि पेल्यांत दूध ओतत राहिली. तिला रडू आलं नाही, राग आला. नवरा गेला म्हणून तिनं कुंकू पुसलं होतं; हातसुद्धा पुसून टाकायचे असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी टँकर आला तेव्हा रांगेत हसू आणि वैताग दोन्ही सुरू झालं. आशाबाईंच्या ड्रमावर गाळणं अर्ध्यातच अडकत होतं, लक्ष्मीबाईंच्या घागरीत ते पिशवीसारखं आत लोंबत होतं.

"दिसायला लई भारी, पर बसंना झालंय," आशाबाई म्हणाल्या.

नीरजाला ते बघवेना. आपण बोलायचं नाही हे ती विसरली. "हिरव्या काठाचं कुणाकडे आहे? ते आशाबाईंचं. जांभळं इकडे द्या, ते घागरीचं." दहा मिनिटांत तिनं सगळ्यांची अदलाबदल केली आणि चाळीस भांड्यांवर चाळीस गाळणी ठाकठीक बसली. नळी फिरली. खाली निवळ पाणी पडत होतं, वर पांढऱ्या मलमलीवर गंज, गाळ आणि वळवळणाऱ्या लाल अळ्या राहत होत्या. बायका बघतच राहिल्या.

"पर तुला कसं ठावं, कुणाचं कोणतं?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"मीच शिवलीत ना."

लक्ष्मीबाईंनी घागरीवरचं गाळणं हळूच काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. "माझे मालक आजारी हायेत, बाई. सवाष्णीचं वाण हाय हे. तुझ्या हातचं नगं मला."

"पाणी तर माझ्याच हातचं भरलंय, लक्ष्मीबाई."

"पाण्याचं येगळं, वाणाचं येगळं."

दुपारपर्यंत नीरजाच्या घराच्या फाटकाला पिशव्या लटकल्या. सगळी गाळणी धुऊन, नीट घडी घालून परत आली होती. लोक सभ्य होते. आशाबाईंचंही आलं, ते त्यांच्या सासूनं पाठवलं होतं. दमयंतीबाई डोक्याला हात लावून बसल्या. "तोंड कशाला उघडलंस गं? नीट चाललं होतं सगळं." कुणाचं नीट चाललं होतं, हे नीरजानं विचारलं नाही.

चारच दिवसांनी मागच्या दाराची कडी वाजली. दारात लक्ष्मीबाई उभ्या होत्या, पदराखाली हात घेऊन. आदल्या दिवशीच्या टँकरचं पाणी गढूळ होतं आणि गाळायला साडीचा पदर कामाला येत नव्हता.

"ते जांभळ्या काठाचं दे की. असंच दे, वाण म्हनून नगं. आन् कुणाला सांगू नगंस."

नीरजा आत जाऊन गाळणं घेऊनही आली होती. पण "कुणाला सांगू नगंस" या शब्दांपाशी तिचा हात अडला.

"देईन," ती म्हणाली. "रथसप्तमीपर्यंत मी रोज दुपारी पुढच्या ओट्यावर बसणार आहे. पुढच्या दारानं या. मी कुंकू लावीन, तिळगूळ देईन, मग गाळणं देईन. मागच्या दारानं मी आता काही देणार नाही."

लक्ष्मीबाई तशाच माघारी गेल्या. दमयंतीबाई मात्र कडाडल्या, "पाण्यासाठी माणसांना अडवतेस?"

"मलमल बाजारात मिळते, आई, आणि शिवणंही अवघड नाही. त्यांना शिवलेलं हवंय, शिवणारी नकोय. त्याला मी हो म्हणायचं का?"

दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यावर बसली. समोर परात, बाजूला हळदीकुंकवाचा करंडा. वरद ऑफिसातून येताना मान खाली घालून आत जायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांना नेमका तेवढ्यात मोबाईल बघावा लागायचा. मृण्मयी दोनदा उंबऱ्यापर्यंत आली आणि दोनदा परत गेली.

रथसप्तमीला ऊन कलताना आशाबाई आल्या. "लावा कुंकू," म्हणाल्या. "सासू लई बोलतीय. पर काल लेकराच्या तोंडातनं आळी काढली म्या."

नीरजानं करंडा उघडला. पाच वर्षांत तिचं बोट कुंकवात बुडालं नव्हतं. तिनं आशाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि हिरव्या काठाचं गाळणं दिलं. आशाबाईंनी वाकून नमस्कार केला. त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या, इकडेतिकडे बघून पदरानं कपाळ खसाखसा पुसलं आणि मग आपल्या घराकडे वळल्या. नीरजानं ते ओट्यावरून पाहिलं. तिनं परात उचलली. तिच्यात एकोणचाळीस गाळणी उरली होती.

मंगळवारी टँकर लवकर आला. बायकांनी पदर हंड्यांवर ताणून धरले होते. आशाबाईंच्या ड्रमावर हिरवा काठ दिसत होता, पण बायका तिकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. भांड्यांवर नंबर नव्हते, म्हणून धक्काबुक्की चालली होती.

"नीरजाताई, नळी धरा ना," पलीकडून सवयीनं हाक आली.

नीरजा आपल्या हंड्यापाशी हाताची घडी घालून उभी होती. "धरते," ती म्हणाली. "पण आधी सांगा, माझे हात चालतात का? चालत असतील तर पाण्यालाही चालतात आणि कुंकवालाही. एकीनं हो म्हणा, मी धरते."

टँकरवाल्याला असल्या गोष्टींचं देणंघेणं नव्हतं. त्यानं कॉक फिरवला. नळी रस्त्यावर उसळली, धूळ भिजली, पाणी गटाराकडे धावू लागलं. "अरे धरा ना कुणी तरी!" तो ओरडत होता. लक्ष्मीबाई घागरीकडे बघत होत्या, आशाबाई हिरव्या काठाकडे. मृण्मयी दारात उभी होती. 'हो' हा एवढासा शब्द, पण तो कुणाच्याच तोंडून फुटला नाही.

पाणी किती वेळ वाया गेलं, ते विचारू नका. त्या रांगेत तुमचं भांडं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, तेवढं मात्र आज घरातलं पाणी गाळताना स्वतःला विचारून बघा.