आधी अंगझडती

पल्लवी गोतमारेच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या खोल्या एकेक करून सील होत गेल्या. उत्तर लिहायला ज्या खोलीत बसायचो आणि अर्धवट टाकून उठायचो, तिच्या दाराला सकाळी लाखेचं सील दिसायचं. दुपारपर्यंत दारही जायचं आणि तिथे भिंत असायची, खिळ्यासकट, कॅलेंडरसकट. आधी बैठक गेली, मग पुस्तकांची खोली, मग निजायची.

माझी बायको नलू एवढंच म्हणाली, "आता स्वयंपाकघरात बसून लिहू नका. मला कणीक मळायची असते."

पत्र साधं होतं. पल्लवी आर्वीची. ती लहान असताना मी केंद्राच्या तपास खात्यातर्फे तिच्या घरी झडतीला गेलो होतो. तिचे वडील एका पतपेढीत कारकून होते. काही सापडलं नव्हतं. 'तुम्ही चपला बाहेर काढून आत आला होतात,' तिने लिहिलं होतं. 'मलाही त्या खात्यात अधिकारी व्हायचं आहे, काकाजी. पदवी, लेखी परीक्षा, उंची, नजर, धावणं, हे सगळं मी विचारून घेतलं. त्याच्यापुढचं कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.'

त्याच्यापुढचं मला तरी येत होतं का, याचीच खात्री नव्हती. खात्यात मी बहुतेक काळ कागद वाचले. प्रश्न विचारताना माझाच आवाज बसायचा, आणि बरेचदा समोरचा माणूस कीव येऊन खरं सांगून टाकायचा. याला पद्धत म्हणून कसं लिहायचं?

स्वयंपाकघर तेवढं उरलं होतं, त्या दुपारी पल्लवी आली. तिची निवड झाली होती.

"संध्याकाळपर्यंत रुजू व्हायचंय, काकाजी. वय संपत चाललंय माझं."

खरंच संपत होतं. तिच्या लांब वेणीच्या टोकापासून पांढरं वर चढत होतं.

"हे मानेपर्यंत आलं की घेत नाहीत," ती म्हणाली.

"मग इथे कशाला वेळ घालवतेस?"

"पहिलं काम हेच दिलंय. माझ्या पत्राचं उत्तर ह्या घरात दडवून ठेवलंय, अशी खात्रीलायक माहिती आहे. ते मिळालं तर रुजू करून घेतील."

तिने पिशवीतून दोन पंच काढले आणि झटकून उभे केले. झडतीला त्रयस्थ साक्षीदार लागतात. मी दोघांना ओळखलं. माझ्या वेळीही हेच असायचे, खात्याच्या कपाटात घडी करून ठेवलेले. एकाच्या पोटावरची घडी अजून गेली नव्हती.

"नमस्कार साहेब," तो म्हणाला. "वाळलात."

"तुम्ही तसेच आहात."

"हो न. दाबून ठेवतात."

पल्लवीने पिठाच्या डब्याकडे हात नेला.

"आधी तुझी अंगझडती," मी म्हणालो. आवाज बसलाच.

झडती घेणाऱ्याने आधी आपले खिसे घरमालकाला तपासू द्यायचे असतात. बरोबर काही आणलेलं नाही, हे त्याला कळावं म्हणून.

"ते कोणी घेते का साहेब?" पंच हसला. "घरमालक म्हणते, राहू द्या. आम्ही लिहूनच आणलं आहे, 'घरमालकाने नम्रपणे नकार दिला'."

"मी नकार देत नाही," मी म्हणालो.

बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून नलूने कणकेचे हात पुसले. पल्लवीच्या एका खिशातून कंगवा निघाला. दुसऱ्यातून धावायच्या मैदानाची पट्टी निघाली, चुन्याच्या रेघांसकट. ती पट्टी उलगडत जिना उतरून गेली.

"आतल्या खिशात कोणीतरी आहे," नलू म्हणाली.

बोटाएवढा माणूस होता, सफारी घातलेला. तिने त्याला ओट्यावर ठेवलं. त्याने आम्हाला नमस्कार केला.

"हा कोण?" मी विचारलं.

पल्लवीने वेणी पुढे ओढून पाहिली. पांढरं पाठीच्या मध्यापर्यंत आलं.

"पतपेढीचा मॅनेजर," ती म्हणाली. "तुम्हाला काही सापडलं नाही, तरी ह्याने बाबांना घरी बसवलं. ते आजही बसूनच आहेत. ह्याच्यासाठीच मी एवढी धावली."

"तो खिशात असला तर तुला प्रत्येक घरात तोच सापडेल. आमच्या पिठाच्या डब्यातही."

"पण त्याने केलंच न वाईट?"

"केलं असेल. मग रीतसर त्याच्या घरी जा. तिथेही खिसे रिकामे करून जा."

"ह्याला कुठे ठेवू मग?" ती म्हणाली. "इतकी वर्षं सोबत होता."

नलूने एका झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. "राहू दे इथे, बाळा. मी बघते त्याच्याकडे."

पल्लवीने खिसा चाचपला आणि एका बाजूला कलली, खांद्यावरचं ओझं कोणी अचानक उचलल्यासारखी.

"हेच उत्तर लिहून पाठवा," ती म्हणाली. "तोंडी चालत नाही. पोस्टानेच यावं लागतं." तिने पंचांची घडी घातली आणि पट्टीवरून धावत गेली. पांढरं खांद्याला लागलं होतं.

मी ओट्याशी उभा राहून लिहू लागलो. दुसऱ्याच ओळीला वाटलं, हे एखाद्या लहान मुलाला सांगितल्यासारखं होतंय. हात थांबला. लगेच लाख वितळल्याचा वास आला आणि दार आखडू लागलं. नलू परात आणि मॅनेजरला घेऊन जिन्यात जाऊन बसली.

"चांगलं नाही झालं तरी चालेल," ती बाहेरून म्हणाली. "पुरं करा."

मी पुरं केलं. तोवर दार खिडकीएवढं उरलं होतं. मी त्यातून सरपटत बाहेर आलो, मागे भिंत झाली, आणि मी जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून सही केली.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत पाकीट अर्धं सरकवलं, तेव्हा आतून एक हात बाहेर आला. त्याने पाकीट घेतलं नाही. आधी तळवा उघडून दाखवला, मग उलटा करून दाखवला. हात रिकामा होता. मनगटाला एक लांब केस चिकटला होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा.

मी पाकीट सोडलं.