माझ्या पाऱ्याला खोटं ठरवणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र. लोखंडी डबी, काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि रबरी फुगा, एवढाच माझा संसार. बाळंतपणाच्या दवाखान्यात माझा जन्म गेला. मी नवं असताना डॉक्टरीणबाई मला रोज पुसायच्या. आता माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवतात. त्याचं वाईट वाटतं, पण माणसांच्या शहाणपणापुढे ते दुःख काहीच नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका सुनेला जुळी राहिली. पाय सुजले तेव्हा सासू म्हणाली, "दोन आहेत, सूज यायचीच." कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना, तेव्हा नवराही म्हणाला, "दोन आहेत ना." डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तरी तेच पालुपद. जुळी असली की आईचा रक्तदाब चढायची भीती जास्त, बाळं वेळेआधी आणि कमी वजनाची व्हायची भीतीही जास्त, हे सिस्टरने आधीच बजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

तपासणीला सासू-सून दोघी आल्या. सिस्टरने सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. पारा पार वर असतानाच ठोके ऐकू येऊ लागले, म्हणजे रक्तदाब फारच चढलेला.

"हिला आत्ताच दाखल करायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूने माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "हे डबडं बिघडलं असेल. उद्या येतो की."

"द्या बरं तुमचा हात," सिस्टर म्हणाली. मी मोजलं. सासूबाई ठणठणीत होत्या.

"माझं तर बरोबर दाखवतंय," त्या पुटपुटल्या.

"मग माझंही बरोबरच असणार," सून म्हणाली. "मी इथेच राहते."

राहिली म्हणून वाचली. त्याच दिवशी पोट कापून बाळं काढावी लागली. तिचं रक्त बरंच गेलं आणि बाळं कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. सासू मात्र येईल त्याला सांगत होती, "मी वेळेत आणली म्हणून!" असल्या माणसांची मला कीव येत नाही, किळस येते.

पुढे बाळांना लस द्यायला त्या दोघी आल्या. बाकावर एक सुजलेल्या चेहऱ्याची गरोदर बाई कपाळ दाबून बसली होती. तिलाही जुळीच होती. सासूने तोंड उघडलं, "दोन आहेत म्हटल्यावर..."

"आई, तुम्ही गप्प बसा," सून म्हणाली. एक बाळ सासूच्या मांडीवर, दुसरं स्वतःच्या खांद्यावर, अशी ती उठली आणि त्या बाईला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आली.

मित्रांनो, मला पुसू नका, खुशाल कप ठेवा. पण घरात कुणी "दोन आहेत ना" म्हणालं, तर त्या बाईला तडक इथे आणा. मला खोटं ठरवायला आणलीत तरी चालेल.