आम्हाला कसली घाई!

नवरोजचा तेरावा दिवस घरात काढायचा नसतो. घरात बसलं की वर्षाची पीडा उंबऱ्यातच मुक्काम करते, असं काशानमध्ये लहानथोर सगळेच मानतात. म्हणून सकाळी आठला बहमनची गाडी गल्लीतून निघाली तेव्हा अकरा घरांपैकी दहांना कुलपं होती, आणि अकराव्या घरचा म्हातारा खुर्ची काढून दाराबाहेर रस्त्यावर बसला होता.

पुढे बहमनशेजारी त्याची आई, अख्तर खानम. मागे फरंगीस. तिच्या पायांशी चहाचा सामोवार, बाजूला चार वर्षांची तेर्मे आणि मांडीवर गव्हाच्या रुजवणाचं ताट. सणाच्या ओट्यावर तेरा दिवस मिरवून रुजवण आता शेंड्याला पिवळं पडलं होतं. आज ते वाहत्या पाण्यात सोडायचं, म्हणजे घरातलं आजारपण, कुरबुरी, सगळं त्याच्याबरोबर वाहून जातं.

जायचं होतं फरंगीसच्या माहेरी, नतंझच्या पलीकडे, सरचश्मे गावात. एरवी दीड तासाची वाट. पण तीन वर्षं ती सरली नव्हती. पहिल्या वर्षी वाटेत बहमनच्या मामांनी "दोन घोट चहा घेऊन जा" म्हणून उतरवून घेतलं आणि दिवस तिथेच मावळला. दुसऱ्या वर्षी अख्तर खानमचा गुडघा धरला. तिसऱ्या वर्षी बहमनचे साहेब सहज म्हणाले, "आमच्या बागेत या की," आणि बहमन म्हणाला, "तुमचा शब्द डोळ्यांवर!" कोणीही फरंगीसला 'माहेरी जायचं नाही' असं कधी म्हटलं नाही. 'नाही' हा शब्दच त्या घरात कोणी उच्चारत नसे. अडचण होती ती तिथेच.

एरवी फरंगीसची आईच बसने काशानला यायची, दोन दिवस राहून परत जायची. त्यामुळे फारसं जाणवलं नव्हतं. पण यंदा आईने घर विकलं होतं. शनिवारी भाऊ येऊन तिला बंदर अब्बासला घेऊन जाणार होता. अक्रोडाच्या झाडाखाली आईच्या हातचा आश, शेवया-कडधान्यांचं दाट सूप, खायचा, तो आज नाहीतर कधीच नाही. तेर्मे त्या घरी एकदाच गेली होती, सहा महिन्यांची असताना, झोपलेली.

फरंगीसने यासाठी नवस बोलला होता. रोज पहाटेच्या नमाजानंतर शंभर वेळा सलवातचा जप, चाळीस दिवस. जपमाळ हातातून खाली न ठेवता, कोणाशी न बोलता. आज चाळिसावा दिवस. याबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवस सांगायचा नसतोच.

"आजीकडे झोका आहे?" तेर्मेने विचारलं.

"आहे. अक्रोडाला बांधलाय तुझ्यासाठी."

"किती उंच?"

"तू म्हणशील तेवढा."

नतंझच्या अलीकडे ओढ्याकाठी विलो झाडांची रांग लागली. अख्तर खानमनी काच खाली केली. "बहमन जान, इथे पाणी बघ कसं खळखळतंय. रुजवण सोडून टाकू या. दुपार उलटली की बरं नसतं."

"मादर जान, आमच्या गावात घरामागेच पाट आहे," फरंगीस हळूच म्हणाली.

"दहा मिनिटांचं काम गं. मी काही राहायला आले नाही इथे."

बहमनने गाडी वळवली. एका बागेच्या दगडी भिंतीला नाक लावून उभी केली. डावीकडे विलोचा बुंधा, उजवीकडे पाण्याचा चर. फरंगीस ताट घेऊन उतरते न उतरते तोच मागे एक पांढरी मोठी गाडी येऊन थांबली. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, टपावर सतरंज्या, पातेली, पोरांची सायकल. झुपकेदार मिशांचा एक गृहस्थ खिडकीतून डोकावला.

"सलाम आगा! इथे लावली तर तुमची वाट अडेल का? निघणार आहात?"

फरंगीसने ताट हातात धरूनच बहमनकडे पाहिलं.

"छे हो, आगा!" बहमनने छातीवर हात ठेवला. "आम्हाला कसली घाई! संध्याकाळपर्यंत इथेच आहोत. लावा निवांत. आमची गाडीही तुमचीच समजा."

"तुमची सावली कमी न होवो!" मिशीवाल्याने गाडी बरोब्बर मागे चिकटवली. दारं उघडली, तेरा-चौदा माणसं खाली सांडली. त्यांनी सतरंजी अंथरली, तिच्यावर एका म्हाताऱ्या आजोबांना आडवं केलं, आणि बाकीचे सगळे टेकडीमागच्या धबधब्याकडे चालते झाले. किल्ली मिशीवाल्याच्या खिशात.

"बहमन," फरंगीस दातांवर दात ठेवून म्हणाली, "हे काय बोललात तुम्ही?"

"अगं, बोलायची पद्धत असते. तआरोफ केला. त्याला कळायला हवं होतं."

"काय कळायला हवं होतं?"

"की मी आपला म्हणतोय नुसता."

दहा मिनिटांत रुजवण पाण्यात गेलं. अख्तर खानमनी तेर्मेला गवताच्या पात्यांना गाठ मारायला शिकवली, मनातली इच्छा मनात ठेवून. तेर्मेने मोठ्यानं सांगितलं, "झोका!" आणि धावत जाऊन गाडीत आपल्या जागेवर बसली. स्वतःच पट्टा लावून घेतला. "चला!"

कुठे चला? पुढे भिंत, मागे पांढरी गाडी. बहमन दोन्ही गाड्यांभोवती एक चक्कर मारून आला, टायरला बुटाचं टोक लावून पाहिलं. फरंगीसने आजोबांपाशी जाऊन विचारलं, "आजोबा, किल्ली आहे का हो?" त्यांनी डोळे न उघडता तिला दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला.

अकरा वाजले. साडेअकरा. तेर्मे गाडीतून उतरायला तयार नव्हती. उतरलो तर आपल्याला सोडून जातील, अशी तिची समजूत. खिडकीतून काहूची, म्हणजे लेट्यूसची पानं दिली, सेकंजबीनच्या आंबटगोड पाकात बुडवून. तिने ती पट्टा न सोडता खाल्ली. पाक फ्रॉकवर सांडला. मग शू लागली. उचलून झाडाआड नेलं तर पाय झाडत राहिली, "गाडी जाईल, गाडी जाईल!" परत आणून बसवली की आपण होऊन पट्टा.

बाहेर सगळीकडे सण चालला होता. बॅडमिंटन, डफ, कोळशाचा धूर. फरंगीसला वाटलं, या एवढ्या मोकळ्या माळावर बंद खोलीत असल्यासारखं आपल्यालाच का वाटतंय?

दुपारची बांग झाल्यावर तिने ओढ्यावर वजू केला आणि विलोच्या सावलीत नमाज पढली. कपाळ मातीच्या चकतीवर टेकलेलं असताना तिच्या मनात आलं, चाळीस दिवस मी त्याच्याकडे सरळ मागत आले. आडवळण नाही, 'तुम्हाला त्रास नसेल तर' नाही. हे दे, एवढंच. आणि माणसाकडे मागायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. देवापाशी खरं बोलायचं आणि माणसांपाशी गोड, असं किती दिवस? तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने सलाम फेरला आणि चटई गुंडाळली. मनात म्हणाली, गाडीवाला आला की सांगायचं.

मिशीवाला आला तो एकच्या पुढे. नाव सफदर. ओले पाय, खांद्यावर पोरगं. आल्या आल्या कोळसे पेटवले आणि हाक मारली, "आगा! या, जेवायला या! तुमच्याशिवाय एक घास घशाखाली उतरायचा नाही."

"तुमचे हात न दुखोत, आम्ही जेवलो," बहमन म्हणाला. जेवला नव्हता.

"असं कसं! या."

"नको, खरंच, तुम्हाला त्रास."

"माझ्या वडिलांची शपथ, या."

तिसऱ्यांदा बोलावल्यावर बहमन उठला. फरंगीसने त्याची बाही धरली. "गाडीचं विचारा."

"त्यांनी आपल्यासाठी कबाबाच्या सळया लावल्यात, फरंगीस. जेवायला बोलावणाऱ्याला गाडी हलवा कसं म्हणू? तुमच्या ताटाला पाठ फिरवतो म्हणण्यासारखं ते. दोन घास खाऊ, मग विचारतो."

"मी विचारते."

"तू?" अख्तर खानमनी वर पाहिलं. "मी बसलेय, नवरा बसलाय, आणि सून विचारणार?"

फरंगीस बसली. मनात बांधलेलं वाक्य तिथल्या तिथे विरघळलं. कबाब आले, कबाबानंतर दही, दह्यानंतर चहा, चहानंतर संत्री. सफदरची बायको तिच्या पुढ्यात वाढतच राहिली. "काहीच खात नाही हो तुमची सून, खानम!" "तिची भूक चिमणीएवढी," अख्तर खानम म्हणाल्या. सगळे हसले. माणसं इतकी चांगली होती की रागवायलाही जागा नव्हती. घासागणिक उपकाराचा दोर आणखी एक वेढा घेत होता.

तीनला ती गाडीपाशी गेली. तेर्मे पट्ट्यातच मान टाकून झोपली होती. गालावर पट्ट्याचा वळ उठला होता.

ती परत आली तेव्हा सफदर घड्याळाकडे बघत होता. "आगा, तुम्हाला निघायचं वगैरे नाही ना? नाहीतर गाडी काढतो."

"छे छे!" बहमनचा हात पुन्हा छातीवर. "आम्हाला कसली..."

"आहे," फरंगीस म्हणाली.

आवाज इतका हळू निघाला की तिला वाटलं, कुणी ऐकलंच नसेल. म्हणून पुन्हा म्हणाली, "घाई आहे, आगा सफदर. सकाळी नऊपासून आहे. माझी आई वाट बघतेय. परवा ती घर सोडून जाणार. कृपा करून गाडी काढा."

चहाचे पेले हातातल्या हातात थांबले. बहमनचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा लाल झाला.

सफदर ताडकन उठला. कपाळावर हात मारून घेतला. "बहीणबाई, आणि तुम्ही मला आत्ता सांगताय? मी इथे संत्री सोलत बसलोय!" किल्लीसाठी चार खिसे चाचपले, अनवाणी धावला. दोन मिनिटांत पांढरी गाडी मागे. सकाळपासूनचं सगळं, दोन मिनिटांचं काम. जाताना त्याच्या बायकोने फडक्यात बांधून कबाब दिले. "आईसाठी," म्हणाली.

गाडी रस्त्याला लागली. मग अख्तर खानम पुढे बघतच म्हणाल्या, "परक्या माणसांत माझ्या मुलाला मान खाली घालायला लावलीस."

"हो," फरंगीस म्हणाली. "चूक झाली असेल तर माफ करा, मादर जान. पण खोटं नाही बोलले."

बहमन गिअर बदलत राहिला. "मी विचारणारच होतो."

"कधी?"

त्याने आरसा सारखा केला.

नतंझ ओलांडलं आणि पुढे गाड्यांची शेपटी लागली. माळावर गेलेलं सगळं जग परत फिरलं होतं. गाडी हातभर सरके आणि थांबे. पाच वाजले. सरचश्मेचा फाटा जेमतेम दोन किलोमीटरवर, पण फाट्याशीच सगळं तुंबलेलं. उजवीकडे कठडा, डावीकडे ट्रक. फरंगीसला सकाळची भिंतच पुन्हा समोर उभी राहिल्यासारखी वाटली.

फोन वाजला. आई.

"अगं, कुठे आहात? ऐक, रस्त्यावर फार गर्दी आहे म्हणतात. पोरीचे हाल करू नका. मी मजेत आहे हां. शेजारीण आलीय. तुम्ही वळा तिथूनच, माझ्या जिवाची शपथ. पुन्हा कधी येता येईल."

आवाज सगळ्यांना ऐकू गेला. बहमनने आरशातून पाहिलं. सुटल्यासारखा म्हणाला, "बघ, आई स्वतःच म्हणतायत."

फरंगीसने फोन कानाशी घट्ट धरला. तीन वर्षं आई हेच म्हणत आली होती, आणि तीन वर्षं सगळ्यांना ते सोयीचं वाटलं होतं. तिलासुद्धा.

"आई, शेजारीण खरंच आहे तिथे?"

पलीकडे फाटक करकरलं. मग, "मघाशी होती."

"मी येऊ का? सरळ सांग. येऊ की नको?"

मागून कुणीतरी भोंगा वाजवत होतं.

"ये," आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "ये गं. आश चारदा गरम केलाय मी. सकाळपासून फाटकाशी बसलेय."

फरंगीसने तेर्मेचा पट्टा सोडला. तेर्मे दचकून जागी झाली. "पोचलो?"

"इथून चालत जायचंय."

"रस्त्यावरून चालत?" बहमन वळला. "वेडी आहेस का? लोक काय म्हणतील, बायको-मुलीला उतरवून दिलं?"

"तुम्ही गाडी घेऊन या मागून. रस्ता सुटेल तेव्हा सुटेल."

अख्तर खानमनी मागे वळून तिच्या पायांकडे पाहिलं. उंच टाचांच्या सणाच्या चपला. त्यांनी वाकून आपले सपाट काळे बूट काढले आणि दोन जागांमधल्या फटीतून मागे सरकवले. एक नंबर मोठे होते. फरंगीस म्हणाली, "नको, मादर जान, तुम्ही मग..." आणि स्वतःच थांबली. बूट पायात घातले.

कडेच्या खडीवरून ती चालू लागली. एका हातात कबाबांचं फडकं, दुसऱ्या हाताला तेर्मे. डावीकडे गाड्यांची रांग, सगळ्या जागच्या जागी. तेर्मे प्रत्येक गाडीतल्या पोरांना हात दाखवत होती. ऊन डोंगरामागे उतरायला लागलं होतं.

एका जुन्या गाडीतून एक जाडजूड बाई अर्धी बाहेर आली. "अगं खानम! लेकराला घेऊन पायी कुठे? या ना, बसा, आम्ही सोडतो!" त्यांची गाडी गेला पाऊण तास इंचभरही हलली नव्हती. आत सहा माणसं होती आणि एक बकरीचं पिल्लू.

फरंगीसला हसू आवरेना. "नको," ती म्हणाली. एकदाच. तिने पाऊल उचललं.

मागून बाईचा आवाज येतच होता, "माझ्या वडिलांची शपथ, या!"