उघड्यावरच्या लग्नाला येताना

पाहुण्यांना सूचना द्यायचं काम माझ्याकडे कसं आलं, हे वेगळं सांगायला नको. आमच्या घरात ज्याला काम सांगावं तो गायब होतो, आणि मला गायब होणं कधी जमलं नाही. शिवाय सगळं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे आवाज चढवायची सवय आहे. भाचीचं लग्न परदेशात, समुद्राकाठच्या एका टेकडीवर, उघड्या गवतावर ठरलं आणि मी नातेवाइकांच्या ग्रुपवर माझ्या आवाजात सूचना पाठवायला सुरुवात केली.

"बायकांनो, उंच टाचांच्या चपला घरी ठेवा. गवतात टाच रुतते आणि मग फोटोत तुम्ही एकीकडे कललेल्या दिसता. ऊन कडक असेल, वारा त्याहून कडक. टोपीला बंद लावून घ्या. संध्याकाळी गारठा पडतो, शाल हवीच. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग विमानतळावर हरवली तर मला फोन करायचा नाही. आहेर म्हणून भांडी आणू नका, ती विमानातून परत कोण नेणार? आणि लग्न लागताना मोबाईल वर धरून उभं राहायचं नाही. मागच्या माणसांनी एवढ्या लांब तुमची पाठ बघायला यायचं का?"

थोरल्या भावाने उलट विचारलं, "अगं, लग्नाला चाललोय की लढाईला?" बाकीच्यांनी हसणारी तोंडं पाठवली. हसा म्हटलं, हसा.

लग्न इतक्या लांब आणि तेही उघड्यावर कशाला, यावरून बरीच कुजबुज झाली. आजकालच्या पोरांची थेरं, असंच सगळ्यांचं मत. खरं कारण फक्त मला माहीत होतं. भाचीचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी एका रिकाम्या इमारतीत तो लिफ्टमध्ये अडकला आणि पुरा दिवस आत राहिला. बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. ते काम सोडून त्याने रोपवाटिका काढली. तेव्हापासून बंद हॉलमध्ये त्याला घाम फुटतो, श्वास पुरत नाही. लग्न कोणाचंही असो, हा आपला दाराबाहेर, काढलेल्या चपलांच्या ढिगाशेजारी ताट हातात घेऊन उभा. लेकीला पदवी मिळाली तेव्हाही त्याने टाळ्या वाजवल्या त्या बाहेरच्या व्हरांड्यात.

"आत्या," भाची मला म्हणाली होती, "माझ्या लग्नात बाबा दाराबाहेर उभे राहणार नाहीत. मग मला टेकडी चढावी लागली तरी चालेल."

लग्न दुपार कलल्यावर लागायचं होतं. मुलाकडची मंडळी, भाचीचे आईबाप, ती आणि मी टेकडीवरच्या हॉटेलात उतरलो होतो. आमचा बाकीचा गोतावळा खालच्या गावात होता आणि त्यांना बसने वर आणायची जबाबदारी भाचीच्या मामांनी घेतली होती. या मामांना आम्ही घड्याळमामा म्हणतो. मनगटावर भलंमोठं घड्याळ असतं आणि माणूस कधी वेळेवर पोचत नाही.

जेवणं उरकतात न उरकतात तोच लग्नाची व्यवस्था बघणारी बाई आमच्या खोलीत आली. गळ्यात शिट्टी, हातात फोन. "पाऊस ठरल्यापेक्षा लवकर येतोय," ती म्हणाली. "मी हॉल तयार करायला सांगितलाय. काळजी करू नका, सुंदर हॉल आहे. तळघरात."

भाची मटकन पलंगावर बसली.

"मग पाऊस यायच्या आत लावून टाका लग्न!" मी म्हणाले.

"कोणाच्या साक्षीने? मुलाकडचे इथेच आहेत, पण तुमची माणसं? ती चारला येणार. इतक्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता तयार करून वर कोण आणणार?"

आमची माणसं मी ओळखते. थोरल्या भावाला फोन लावला, उचलला नाही. घड्याळमामांना लावला, उचलला नाही. झोपले असतील घोरत, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तणतणत बाहेर आले तर धाकटा भाऊ नवा कोट घालून गवताच्या कडेला उभा. त्याला कळलं होतं.

"असू दे गं ताई," तो म्हणाला. "मी खिडकीतून बघेन."

"तळघराला खिडकी असते का रे?" मी त्याच्यावर खेकसले. लगेच मला स्वतःचीच लाज वाटली. आभाळ समुद्राकडून काळं होत आलं होतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. वळणावरून बस वर आली, तिच्यामागे दुसरी आली, आणि पहिल्या बसच्या दारातून थोरला भाऊ उतरला. टोपीला बंद, खांद्यावर शाल, पायात सपाट चपला.

"उशीर नाही ना झाला?" त्याने धापा टाकत विचारलं.

"उशीर? तुम्हाला आत्ता यायला सांगितलं कोणी?"

तेव्हा उलगडा झाला. आपली माणसं उशीर करणारच, म्हणून मी ग्रुपवर वेळ एक तास अलीकडची सांगितली होती. थोरल्या भावाने, माझ्या एका तासावर भरवसा नको म्हणून, आपल्या परीने सगळ्यांना आणखी एक तास अलीकडची सांगितली. घड्याळमामांनी आम्हा दोघांवरही वरताण केली, वेळ आणखी एक तास अलीकडे ओढली. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. प्रत्येक जण वेळ अलीकडे ओढतो आणि येणारा आरामात येतो, म्हणून हिशोब बरोबर जमतो. पण इथे परक्या मुलखात चुकामूक झाली तर काय, या धास्तीने एकानेही उशीर केला नव्हता. घड्याळमामा तर सकाळपासून बूट घालूनच बसले होते. निघायच्या गडबडीत दोघांचेही फोन मात्र खाली गावातच राहिले.

मी त्या बाईकडे वळले. "ही आली आमची माणसं. वाजवा शिट्टी!"

तिने वाजवली. खालच्या गावातून लग्न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना गाडी पाठवून आणलं. विहीणबाई अर्धे केस वळवलेल्या अवस्थेत धावत आल्या. "अहो, माझे केस!"

"वारा काय ते बघून घेईल, चला!"

मुलाकडच्या बायकांच्या टाचा गवतात रुतल्या. आमच्या बायका मात्र तुरुतुरु पुढे गेल्या, मग मागे येऊन एकेकीला दंडाला धरून उपटून काढू लागल्या. मला इतका आनंद झाला की तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. मोबाईल एकानेही वर केला नाही.

आणि माझा भाऊ लेकीचा हात धरून सगळ्यांच्या मधून चालत गेला. ताठ, सावकाश. नवरानवरीने एकमेकांना शब्द दिला तेव्हा तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. सही करताना कागद उडू लागला तेव्हा त्याने पंजाने दाबून धरला. टाळ्या वाजल्या आणि मी ढसाढसा रडले. शाळेत मुलांसमोर कधी रडले नव्हते, इथे दोन बसभर माणसांसमोर रडले.

पावसाचे टपोरे थेंब पडले तशी पळापळ झाली. जेवण हॉलमध्ये मांडलं होतं. जिन्याच्या दारापाशी भाऊ थांबला. "तुम्ही व्हा पुढे," तो नेहमीसारखा म्हणाला, आणि वरच्या वळचणीखाली सरकून उभा राहिला.

भाची खाली गेली ती दोन ताटं घेऊन वर आली. एक बापाच्या हातात दिलं, दुसरं घेऊन स्वतः शेजारी उभी राहिली. मागोमाग नवरा आला. मग विहीणबाई, ओले केस मागे सारत. मग थोरला भाऊ, मग घड्याळमामा, मग शाली डोक्यावर घेऊन आमच्या सगळ्या बायका. वळचणीखालची जागा संपली तसे लोक भर पावसात ताटावर हात धरून उभे राहिले.

व्यवस्थेची बाई घाबरीघुबरी होऊन जिना चढून आली. "अहो, खाली कोणीच नाही!"

"मग वाढपी वर पाठवा," मी म्हणाले.

भावाने घास चावता चावता उघड्या दारातून खाली, दिव्यांनी लखलखलेल्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं आणि किती वर्षांनी तो मोठ्याने हसला. "ताई," तो म्हणाला, "आज लग्न बाहेर आहे गं. हॉलच एकटा पडलाय."