पापलेटची नजर

पापलेट आलं, तळलं गेलं आणि अश्लेषाच्या सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पण ते जाऊ दे. असं काही झालेलंच नाही असं धरून चालू.

संकेत नायगावच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायचा आणि टॉवरवाल्यांच्या गप्पांसाठी स्वतःचा सर्व्हर चालवायचा. सर्व्हर म्हणजे एक जुना लॅपटॉप. तो देव्हाऱ्याखाली असे, कारण इन्व्हर्टरची वायर तिथवरच पोचायची. असे सर्व्हर बऱ्याच गावांत होते. एकावरचं बोलणं दुसऱ्यावर दिसायचं, पण नियम ज्याचे त्याचे आणि राखणदारही ज्याचा त्याचा. नायगावला संकेत, अर्नाळ्याला प्लासिड. प्लासिडचा नियम एकच: मासळीच्या फोटोखाली घासाघीस केली की माणूस बाहेर.

फोटो टाकायच्या प्लासिडच्या एलिसामावशी, रोज सकाळी. ऑर्डर फोटोखाली, चारचौघांत लिहायची. तोंडी ऑर्डर मावशी घेत नसत; गिऱ्हाईक नंतर ‘असं नव्हतं सांगितलं’ म्हणतं.

या रविवारी संकेतची बहीण अश्लेषा लग्नानंतर पहिल्यांदाच सासूसासऱ्यांना घेऊन जेवायला येणार होती. ‘अर्नाळ्याचं पापलेट खायचंय हो एकदा,’ असं सासूबाईंनी कळवलं होतं. आई, म्हणजे जयवंती, तेव्हापासून मसाला वाटत होती.

आणि शुक्रवारी टॉवरमधले दिनानाथकाका तक्रार घेऊन आले. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, तक्रारींतून नाही.

“पापलेट माझ्याकडे बघतं. चहा घशाखाली उतरत नाही.”

“काका, ते मेलेलं असतं.”

“म्हणूनच. जिवंत असतं तर मी समजून घेतलं असतं.”

संकेतला तो एक फोटो तेवढा लपवायचा होता. पण काका मानेवर श्वास सोडत उभे होते, आणि घाईत त्याने अख्खं अर्नाळा बंद केलं. फोटो गेले, आणि जयवंतीने तिथल्या ज्यांना ज्यांना फॉलो केलं होतं तेही सगळे सुटले.

“तू अर्नाळा बंद केलंस?”

“चुकून, आई.”

“गाव चुकून बंद होतं का रे?”

त्याने लगेच उघडलं. पण तोवर प्लासिडने नायगाव बंद केलं होतं.

शनिवारी संकेत आईचा फोन घेऊन, स्कूटर काढून अर्नाळ्याला गेला. एलिसामावशींच्या टोपलीत पापलेट होतं, हातभर अंतरावर.

“मावशी, तीन द्या ना.”

“फोटोखाली लिही.”

“पण मी इथे उभाय.”

“उभं कोनीपन राहतं, बाबा.”

शेजारी बर्फ फोडणारा प्लासिड म्हणाला, “तुमचं नायगाव बंद आहे आमच्याकडे.”

“उघड ना. आणि फोटोवर पडदा टाकता येईल का? ‘आत मासा आहे’ असा? आमच्या एका काकांकडे बघतो तो.”

“डोळा झाकला तर मासं ताजं हाय ते कोनाला कळनार?” मावशींनी विचारलं.

“तुझ्या काकांना सांग, मावशीला स्वतःपुरतं म्यूट कर,” प्लासिड म्हणाला. “एका माणसाच्या चहासाठी गाव कशाला बंद?” आणि त्याने ओला हात पुसून नायगाव उघडलं.

संकेतने तिथेच उभं राहून आईच्या फोनवरून मावशींना पुन्हा फॉलो केलं आणि लिहिलं, ‘तीन पापलेट. जरा कमी’. प्लासिडने आपल्या फोनवरून नुसतं वर पाहिलं. संकेतने शेवटचे दोन शब्द पुसले. मावशींचा फोन वाजला, त्यांनी नीट वाचलं आणि टोपलीत हात घातला.

पुढचं झालेलं नाही, हे आधीच ठरलंय.

सोमवारी काका पुन्हा आले. मावशींना म्यूट केल्यापासून सकाळी आपल्याकडे कोणीच बघत नाही, म्हणून त्यांनी म्यूट स्वतःच काढलं होतं. तक्रार मात्र कायम होती.

“तुझ्या वर कोण?”

“कोणी नाही, काका. माझं मी बघतो, प्लासिडचं प्लासिड.”

“ज्याच्या वर कोणी नाही असं ऑफिस मी पाहिलेलं नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी खुशीत अर्ज टाइप केला. संकेतने तो सगळ्यांना दिसेल असा सर्वांत वर लावला. मावशींनी त्याला लाइकही दिलं.

“प्रति, मा. मुख्य अधिकारी, विकेंद्रित समाजमाध्यमे, मुख्य कार्यालय. विषय: पापलेटच्या नजरेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्नाळा येथील पापलेट चहाच्या वेळी दिसण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि फोटो काढतेवेळी त्याने अर्जदाराकडे न पाहता किंचित डावीकडे पाहावे, असे निर्देश संबंधित माशास आपल्या स्तरावरून देण्यात यावेत.”