आतून कडी

ड्रायव्हरने तेहतीस वर्षं बस चालवली, पण पोटाने त्याला एकदाही दगा दिला नव्हता. पहाटेची पहिली फेरी त्याची. त्याआधी सगळं कसं वेळच्या वेळी. बायको म्हणायची, ह्यांच्यावर घड्याळ लावावं. तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

कर्करोगाचं कळलं तेव्हा तो फारसा डगमगला नाही. केस जातील, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ते मुळातच मोजके होते. उलट्या गोळ्यांनी आवरल्या. पण दुसऱ्या केमोनंतर पोटाने संपच पुकारला. दोन दिवस गेले, चार गेले. पोट तट्ट फुगलेलं, अन्न समोर आलं की नको व्हायचं. सकाळी संडासात तास तास बसून पायाला मुंग्या येत, कपाळाला घाम फुटे, आणि एवढं करून काही नाही.

नेमकं सातला दार वाजायचं. बाहेर कंडक्टर. वीस वर्षं दोघं एकाच बसवर होते, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी सोबत तलावापर्यंत चालायला जायचे. आतून काय ओरडून सांगणार? पहिल्यांदा ड्रायव्हरने झोप लागल्याचं सांगून वेळ मारून नेली. नंतर तेही जमेना. तो श्वास रोखून बसून राही. कंडक्टर दोन-तीनदा हाक मारी, थांबे, मग जिन्यावरून त्याच्या चपला खाली जात. एके दिवशी दार वाजलंच नाही. ड्रायव्हरला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. उलटी झाली का, ताप आहे का, जेवलात का. तिने जे विचारलं नाही ते त्याने सांगितलं नाही. रविवारी या म्हणाली, तर अशक्तपणाचं कारण पुढे केलं. खरी भीती वेगळीच होती. तिच्या घरी संडास एकच, आणि बाहेर जावई ताटकळणार.

तिसऱ्या केमोच्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आली. त्याने सवयीने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं नाही.

"काका, पोट शेवटचं साफ कधी झालं?"

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचे डोळे मिटलेले होते. त्याने आवाज खाली आणला. "मागच्या बुधवारी."

त्या दिवशी गुरुवार होता. सिस्टरने न दचकता लिहून घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, औषध दिलं. उलटीच्या गोळीनेही असं होतं, पुन्हा झालं तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, असं बजावलं. ते गेल्यावर सिस्टर म्हणाली, "या खोलीतल्या कितीतरी जणांचं हेच आहे, काका. बोलत कुणी नाही, एवढंच."

त्याने खोलीभर नजर फिरवली. प्रत्येक जण आपापल्या सलाईनकडे बघत गप्प पडला होता.

शनिवारी सकाळी एकदाचं पोट मोकळं झालं. ड्रायव्हर बाहेर येऊन पलंगावर बसला आणि एकटाच हुंदके देऊन रडला. मग चेहरा धुतला, धुतलेला शर्ट घातला आणि दोनदा थांबत, दम खात कंडक्टरच्या घरी पोचला.

दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ते मुलाकडे गेले, कायमचेच. चार-पाच दिवस झाले. जायच्या आधी तुमच्याकडे निरोप घ्यायला आले होते, पण तुम्ही दार उघडलं नाहीत म्हणे.

तो तिथेच पायरीवर टेकला. फोन लावला. पलीकडे कंडक्टर नुसता "हं" म्हणाला. ड्रायव्हरने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. संडासातले तास, रोखलेला श्वास, सगळं.



"मला वाटलं, मी नकोसा झालो तुला," कंडक्टर म्हणाला. "आतून ओरडायचं होतंस ना, गाढवा. बसलो असतो बाहेर."

परत कधी येणार, ते त्याला सांगता येईना. मुलाने इथलं घर विकायला काढलं होतं.

ड्रायव्हर एकटाच तलावापर्यंत गेला, एक फेरी मारून घरी आला. संध्याकाळी मुलीने जेवलात का विचारलं, तेव्हा तो म्हणाला, जेवलो. मग म्हणाला, "बाळ, आणखी एक सांगायचंय. हसू नकोस."

ती हसली नाही.