थराखालची रेघ

ताईच्या जबड्याचा तुकडा आमच्याच कारखान्यातल्या धातूच्या थ्रीडी छपाई यंत्रात बनत होता आणि मी यंत्रासमोर बसून पेंगत होते. गाठ काढताना डॉक्टरांना तिच्या जबड्याची डावी बाजूही काढावी लागली होती. तेव्हापासून तिचं सगळं जेवण पातळ, चमच्याने. नवा तुकडा परवा बसवायचा होता.

काम दिसायला साधं. पातं येतं, टायटॅनियमच्या राखाडी भुकटीचा केसाहून बारीक थर ओढतं, मागे जातं. लेझर हवी तेवढी जागा वितळवतो. पुन्हा पातं, पुन्हा थर. कंटाळा येत नाही का, असं लोक विचारतात. त्यांनी वारा नसतानाचं तळं कधी नीट पाहिलेलं नसतं.

त्या दुपारी मी त्या तळ्यावरून चालत होते. पाऊल उमटत नव्हतं. पलीकडच्या काठावर ताई काहीतरी कडक, कुरकुरीत खात होती आणि तिच्या चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. तेवढ्यात माझ्या पायांमधून एक बारीक रेघ निघाली आणि सरळ तिच्यापर्यंत गेली.

डोळे उघडले तर रेघ काचेपलीकडे, भुकटीत होती. निदान मला तसं वाटलं. लगेच पातं आलं, नवा थर पडला, सगळं सपाट झालं. पात्याला कण चिकटला की अशी रेघ पडते आणि पुढचा थर ती बुजवतो. पण तिथला धातू नीट वितळत नाही, आणि एखाद्या दिवशी तिथूनच तडा जातो. आमचं यंत्र जुनं, थरांचे फोटो काढत नाही. पातं तपासायचं तर दार उघडायला हवं, आणि दार उघडलं की आत हवा शिरते, तुकडा भंगारात.

"झोपेत पाहिलंस ना? मग सोड," साहेब म्हणाले. "ऑपरेशन पुढे गेलं तर बहिणीला काय सांगशील?"

"हेच सांगेन," म्हणून मी यंत्र बंद केलं.

गार झाल्यावर पात्यावरून बोट फिरवलं. कण नाही, खाच नाही. हातचं सोडून मी स्वप्नाच्या पाठी लागले होते.

ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. ताई बराच वेळ वाटीत चमचा फिरवत राहिली. डोळे भरले होते तिचे.

"मी मूर्ख आहे," मी म्हणाले.

"ते जगजाहीर आहे." हल्ली तिचे शब्द ओघळत, अडखळत येतात. "पण उघडलं नसतंस, तर माझ्या प्रत्येक घासाला तू दचकली असतीस. आणि तुझं ते तोंड बघून मला कधी चावताच आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी भुकटी चाळली, वाळवली, पातं नवं लावलं. मला जागं ठेवायला म्हणून ताई सोबत आली. साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

पातं गेलं, आलं. थर स्वच्छ पडत होते. थोड्या वेळाने तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं, आणि झोपेत तिचा अर्धा जबडा हळूहळू काहीतरी चावू लागला.